दोन वेढे जायफळाचे

द्वारकाकी कुणाच्या घरी पुढच्या दारानं आली असं मी कधी पाहिलं नाही. तान्ह्या पोराचं पोट अडलंय म्हणून बोलावणं आलं की ही आधी घराला वळसा घालून मागच्या पडवीत जायची. तिथं दोरीवर वाळत घातलेले लंगोट बघायची. धुतलेले असले तरी बघायची. एखादा न धुतलेला बादलीत सापडला तर उलगडायची, नाकाजवळ न्यायची आणि मग स्वयंपाकघरातून आत शिरायची. घरातली माणसं पुढच्या दारात वाट बघत उभी, आणि ही त्यांच्या पाठीमागून विचारायची, "अगो, पोर कोणाकडे हाय? आणि तेला वरून काय देताव ता आधी सांगा."

"काय नाय देत, काकी."

"काय नाय देत, मग खडा कसा झाला?"

नमस्कार नाही, बसणं नाही. पोलीस झडतीला आल्यासारखी बाई.

मी तिला वैनी म्हणायचो, कारण तिचा नवरा आणि मी पालीच्या बाजूला एका चिरेखाणीवर बरोबर कामाला होतो. तो लवकर गेला. मग ही दवाखान्यात आया म्हणून लागली आणि लहान मुलांच्या वॉर्डात तिची नोकरी सरली. शिक्षण माझ्याएवढंच, म्हणजे चौथी, तीपण रडतखडत. पण तान्ह्या पोरांच्या पोटातलं तिला कळतं, असं मिरजोळ्यापासून पालीपर्यंतच्या बायका म्हणायच्या. मला ते पटत नव्हतं. दवाखान्यात राहून माणूस डॉक्टर होत असता, तर खाणीत राहून मी इंजिनियर झालो असतो.

दिसायला उंच, सुकलेली. उजवा डोळा कायम बारीक केलेला, उन्हाकडे बघावं तसा. कमरेला एक पिशवी खोचलेली आणि त्यात खोकल्याच्या औषधाची जुनी तपकिरी बाटली. बाटलीत तिचं तेल. घरातलं तेल लावा म्हटलं तर म्हणायची, "तुमच्या तेलात काय हाय ता मना काय म्हायती?" चहा घ्यायची नाही. पाणी प्यायची, तेही स्वतः हंड्यातून काढून.

तिचा संशय घ्यायचा क्रम ठरलेला होता. आधी सासू, मग शेजारीण, मग बाप. आईवर सगळ्यात शेवटी. म्हणायची, "आईला झोप नाय, जेवन नाय, ती बिचारी लबाडी कदी करणार?"

इलाज काय करायची म्हणाल तर हसाल. हात चोळून गरम करायची. चार थेंब तेल घेऊन बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यासारखा हात फिरवायची, हलका, जसं दुधावरची साय हलवतात. मग पोराचे दोन्ही पाय धरून सायकल चालवल्यासारखे हलवायची. गुडघे पोटाशी न्यायची, सोडायची. बस. एवढ्यासाठी बाई बोलवायची? मी आमच्या मंडळीला म्हणायचो, "ह्यात काय कळतंय? बाटलीत नक्की कायतरी हाय तिच्या." आमची मंडळी, सुमन, नुसती हसायची. तिची आणि द्वारकाकीची बोलचाल होती. मला ते आवडत नव्हतं.

शहरात एका क्लार्कच्या घरी पोराला वरचं दूध चालू होतं, डब्यातली पावडर. पोर कुंथून कुंथून लाल व्हायचं आणि शेवटी बकरीच्या लेंडीसारखं दोन खडे. द्वारकाकीनं त्या घरच्या आजीला सांगितलं, माझ्यासमोर दूध करून दाखवा. आजीनं पाणी मोजलं, डब्यातला चमचा सपाट भरला, एक थेंब इकडंतिकडं नाही. सगळं बरोबर. द्वारकाकी बघत होती. मग म्हणाली, "छान. आता मी नसताना करताव तसं करा."

सून आजीकडे बघतेय. मग आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पानचट दुधानं पोर बाळसं कसं धरेल? एक चमचा जास्त घातला तर काय इष घातलं?"

"इष नाय घातलंत, सिमेंट घातलंत," द्वारकाकी म्हणाली. "डब्यावर लिवलंय तेवडंच पाणी नि तेवडीच पावडर. उद्या मी परत येतंय."

आली पण. न सांगता आली, आणि मागल्या दारानंच.

पालीला एका घरात पोराचा आजोबा विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून तयार बसला होता. देठ पोराला मागून लावायचा म्हणजे शी होते, असं तेव्हा सगळेच करायचे. कोण देठ लावायचे, कोण साबणाचा तुकडा. द्वारकाकीनं आजोबांच्या हातातलं पान काढून घेतलं. देठ खुडला, केरात टाकला. मग म्हणाली, "चुना हाय? कात?" पान लावलं, घडी केली नि तोंडात टाकून सगळ्यांसमोर चावत बसली. आजोबा म्हणाले, "ता पोरासाठी होता!"

"पोराला दात नायत," ती म्हणाली. "आनि कोवळी जागा आत चिरली म्हंजे? पोर दुखतंय म्हणून आणखी धरून ठेवील. साबण अंगाला, पान तोंडाला. आता पोर आणा इकडे."

ही गोष्ट मला सुमननं सांगितली होती. मी हसलो नाही. मी म्हटलं, फुकट पान खायला मिळालं तिला.

मी तिच्यावर एवढा का खार खाऊन होतो ते सांगायला पाहिजे. वाडीतल्या एका घरी एका पोराला तिनं पोट चोळलं आणि पोर खराब झालं, थेट कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं, अशी बोलवा होती. मी त्या घरात नव्हतो. काय झालं ते मी बघितलं नव्हतं. तरी चार ठिकाणी मीच सांगत फिरलो. आणि घरी सुमनला बजावलं, ती बाई आपल्या उंबऱ्याच्या आत नको.

मग गेल्या वर्षी सुमन गेली. पोटाचं दुखणं होतं. त्याबद्दल लिहीत नाही.

तिच्यामागून पाच महिन्यांनी आमच्या एकुलत्या पोरीला, दीपालीला, दिवस गेले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. जावई लोट्याला कंपनीत शिफ्टला. तिची सासू म्हणाली, "बाळंतपण इथंच करू. तिकडे आता बाईमाणूस कोण आहे?" मी फोनवर सांगितलं, आई नाय म्हणून पोरीला म्हायेर नाय काय? मी करीन सगळं. चाळीस वर्षं चिरे फोडले, एक पोर सांभाळता येणार नाय?

मोठ्या तोंडानं बोललो खरा. डिंकाचे लाडू शेजारणीकडून करून घेतले, शेगडी केली, पाणी तापवलं. नात झाली. दीड महिना बरा गेला. मग नातीला शी होईना. तीन दिवस, चार दिवस. व्हायची तेव्हा कडक, आणि पोर अशी किंचाळायची की मला घरात बसवेना. दीपालीची सासू रोज व्हिडिओ कॉल करायची. पोरीचं पोट दाखव म्हणायची. मग म्हणाली, "मी सोमवारी गाडी घेऊन येते. बस झालं माहेर."

मला ते लागलं. पोरगी गेली असती तर लोट्यात सगळे म्हणाले असते, बायको मेली नि घर बसलं. आणि दीपाली परत कधी राहायला आली असती? नातीला घेऊन तर नाहीच.

दीपालीनं मला न विचारता द्वारकाकीला बोलावलं.

ती आली ती पडवीतून. लंगोट बघितला. आत आली, नातीला मांडीवर घेतलं. पोट दाबलं नाही, नुसता हात ठेवला. "उलटी करते काय? हिरवी? पोट फुगून दगड होतंय? ताप?"

दीपाली नाही म्हणाली.

"अंगावर पिते?"

"अंगावरच. वरचं काही नाही. नर्सबाईंनी सांगितलंय, सहा महिने दुधाशिवाय काही नाही. पाणीपण नाही."

"मग बाय, हे जमत नाय. आईच्या दुधावरचं पोर चार दिवस नाय झालं तरी चालतं. पण होतं ता मऊ होतं. हे खडे आईच्या दुधाचे नव्हेत." आणि तिनं तो बारीक डोळा माझ्याकडे वळवला. "भावोजी, तुमी काय देताव काय?"

"मी कशाला देऊ?" मी म्हटलं.

हे खोटं होतं. रोज दुपारी दीपाली आंघोळीला गेली की मी नातीला घुटी चाटवत होतो. सहाणेवर उगाळलेलं हळकुंड, वेखंड, आणि दोन वेढे जायफळाचे. सुमन दीपालीला अशीच द्यायची. मी समोर बसून बघितलं होतं, वेढे मोजताना तिचे ओठ हलायचे. जायफळानं पोर झोपतं. दीपालीचे डोळे खोल गेले होते, दोन तास तरी पोरगीला पडायला मिळावं म्हणून मी देत होतो. नर्सबाईनं नको सांगितलं होतं, पण नर्सबाईचं वय काय? दीपाली ह्याच घुटीवर वाढली. घुटीनं पोरांचं चांगलं होतं हे मला माहीत होतं, त्यामुळे तिच्यानं काही बिघडत असेल असं डोक्यात आलंच नाही. माझा सगळा संशय त्या तपकिरी बाटलीवर.

दुसऱ्या दिवशी ती हात धुवायला गेली तेव्हा मी पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं, वास घेतला. बोटावर घेऊन चाखलं. खोबरेल. परत चाखलं. खोबरेलच. वळून बघतो तर दारात उभी.

"सापडलं काय?" ती म्हणाली.

मी बाटली ठेवली.

"तेवडा एक थेंब वाया गेला. उद्या वाटी घेऊन बसा."

चौथ्या दिवशी शीबरोबर रक्ताची बारीक रेघ आली. द्वारकाकीनं हात लावायचं बंद केलं. "आता चोळायचं नाय. आधी डॉक्टर." रिक्षात आमच्याबरोबर बसली. मी मागे बसलेला, आणि मला ती कोल्हापूरची गोष्ट आठवत होती. मी विचारून टाकलं, "वैनी, त्या पोराचं पण असंच झालं होतं काय?"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "त्याची उलटी हिरवीगार होती. मी हात नाय लावला. दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं, तर ते दीड दिवस अंगारा लावत बसले. मग कोणाचं तरी नाव पायजे होतं."

"मग तुमी सांगितलं का नाय कोणाला?"

"ज्यांचं पोर टेबलावर होतं त्यांच्याशी भांडू?"

खरं की खोटं, मला काय ठाऊक. पण रिक्षावाला त्याच वाडीतला होता. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, खरं आहे म्हणून.

डॉक्टरांनी नातीला तपासलं. पोट मऊ आहे, घाबरू नका म्हणाले, कडक शीनं आतली जागा थोडी चिरलीय. मग विचारलं, "दुधाशिवाय काही देता का? घुटी, मध, ग्राइप वॉटर?" दीपाली म्हणाली, "नाही डॉक्टर, काहीच नाही." एवढ्या ठामपणे म्हणाली. मी तिच्या मागं दोन पावलांवर उभा होतो. मी भिंतीवरचा लसीचा तक्ता वाचत राहिलो. डॉक्टरांनी औषध दिलं आणि दोन दिवसांनी बोलावलं.

घरी आलो. दीपाली पोरीला पाजत होती. द्वारकाकी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेलो तर हंड्याच्या मागच्या कोनाड्यापुढे उभी. तिथं सुमनची सहाण भिंतीला टेकवून ठेवलेली.

"भावोजी, तुमच्या घरात देव नायत. आमच्यापण नायत. गंध लावणारं कोण नाय. मग सहाण ओली कशी?"

मी हंड्यावरचं झाकण सरळ केलं.

"जायफळ?"

"दोनच वेढे," मी म्हटलं. "सुमन द्यायची तेवढेच. एक वेढा जास्त नाय. माझ्या बायकोच्या शपथेवर सांगतो."

तिनं सहाण खाली ठेवली, वर चार थेंब पाणी टाकलं. "काढा बगू."

मी जायफळ घेतलं आणि दोन वेढे काढले. दगडावर तपकिरी चिखल आला, बोटानं उचलावा असा. तिनं तो पुसला, जायफळ माझ्या हातातून घेतलं, आणि स्वतः दोन वेढे काढले. पाण्याला नुसता रंग आला. चहाचा पेला विसळलेल्या पाण्यासारखा.



"सुमनचा वेढा असा होता," ती म्हणाली. "तुमी चिरा तासताव, भावोजी. जायफळ जुलाब थांबवायला देतात. तेवडंसं पोट, तेचं काय होणार? नि झोपते म्हणताव ती झोप नव्हे, गुंगी. जास्त झालं असतं म्हंजे?"

मी म्हटलं, "सुमननं दिलेली चालली."

"सुमनचं नशीब चांगलं होतं. मी पण दिलेय पूर्वी. आता मी कोणाला सांगत नाय. कोणाचा हात केवडा, कोणाचं जायफळ केवडं जुनं, कोण मोजणार?"

"दीपालीला सांगू नका," मी म्हटलं. हात जोडले. "ती जाईल. परत यायची नाय."

"मी नाय सांगणार. तुमी सांगा. डॉक्टरला कळायला पायजेल पोराच्या पोटात काय गेलंय. मी मागं लंगोट धुते. धुऊन होईपर्यंत सांगा. नाय तर मग मी सांगीन, नि माझं बोलणं तुमाला म्हायतेय कसं असतं."

पडवीत पाण्याचा आवाज सुरू झाला. चारच लंगोट होते. मी दीपालीपुढं जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. दुपारी देतो, तू आंघोळीला गेलीस की देतो, पंधरा दिवस झाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यामागं उभे होतात." एवढंच. मग फोन उचलून डॉक्टरांना कळवलं. त्यांनी घुटी ताबडतोब बंद करायला सांगितली आणि संध्याकाळी पोरीला पुन्हा दाखवायला आणायला सांगितलं. नेली. त्यांनी नीट बघितलं, ठीक आहे म्हणाले, मला जे बोलायचं ते बोलले.

दोन दिवस दीपालीनं नातीला माझ्या हातात दिलं नाही. मी आंगणात बसायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाकी लंगोट घेऊन थेट माझ्यापुढं आली आणि उलगडून दाखवला, लग्नातली साडी दाखवावी तसा. पिवळी, मऊ. "बगा. आता हिला म्हणतात शी."

तोवर सासूचा फोन आलेला. मी भिंतीआड उभा राहून ऐकत होतो. दीपाली म्हणाली, "आई, पोट साफ झालं. घरात घुटी दिली जात होती, त्यानं झालं. बंद केलीय." पलीकडून विचारलं असणार, कोण देत होतं. "आमच्याकडूनच चुकलं," दीपाली म्हणाली. "गाडी नका आणू. मी तीन महिने पुरे करूनच येते."

त्यानंतर द्वारकाकीनं नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. दीपाली बघत होती, नको म्हणाली नाही. "पाय धरा. जोर लावू नका, चिमणी धरल्यासारखे. हां. आता सायकल." मी हलवायला लागलो. "अजून हात जड," ती म्हणायची. "अजून. हां, आता झालं." पण मला एकट्याला पोरीजवळ ती शेवटपर्यंत सोडत नसे. काही ना काही निमित्त काढून आत डोकवायची. मला तिचा राग यायचा बंद झाला, तिचा संशय काही गेला नाही.

दीपाली तीन महिने पुरे करून गेली. दर महिन्याला येते.

पावसाळ्यानंतर द्वारकाकीचे गुडघे गेले आणि तिच्या पोरानं तिला विरारला न्यायचं ठरवलं. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पोरगा सामान चढवत होता, ती खिडकीशी बसलेली. मी खाली उभा. मी म्हटलं, "वैनी, एक विचारायचं राहिलं. मी तुमाला घरात येऊ देत नव्हतो. चार लोकांत नाव घेतलं तुमचं. तरी दीपालीनं बोलावल्यावर एका शब्दात कशा आलात?"

"दीपालीनं नंतर बोलावलं," ती म्हणाली. "मला सुमननं आधी सांगून ठेवलं होतं."

"सुमननं? कधी?"

"तिला शेवटचं दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी जायची. तुमी चहाला खाली गेलात की. ती म्हणाली, पोरीला कधी ना कधी मूल होईल, तेव्हा मी नसेन. आमचे हे सगळं माझं बघून बघून करायला जातील आणि कोणाला विचारणार नायत. तू लक्ष ठेव."

मी खिडकीची दांडी धरली. "आणखी काय म्हणाली?"

"कशाला पायजेल? इथं स्टँडवर रडाल."

कंडक्टरनं घंटी दिली. तिचं लक्ष आधीच माझ्यावरून उडालं होतं. समोरच्या सीटवर एक तरुण बाई पोर घेऊन बसलेली, टोपडं घातलेलं, महिना-दीड महिन्याचं असेल. पोर पाय पोटाशी ओढून कुंथत होतं. द्वारकाकी पुढं वाकली, डोळा बारीक केला आणि तिला काहीतरी विचारलं. त्या बाईनं वळून बघितलं, ही कोण सुकलेली म्हातारी म्हणून, आणि ओढणी पोरावर ओढून त्याला दुसऱ्या कुशीला घेतलं.

मी गाडीबरोबर चार पावलं चाललो. त्या बाईला ओरडून सांगितलं, "बाय, दे तिच्याकडे! दे, भिऊ नको!" तिच्या खिडकीची काच बंद होती. तिनं माझ्याकडेही तसंच बघितलं.